बारामतीचा पाव

बारामतीच्या स्टँडवरून बाजाराकडं वळलं की एक जुनी बेकरी लागते. तिसऱ्या प्रहरी तिथली भट्टी उघडते आणि गरम पावाचा वास गल्लीभर होतो. माणसं चालता चालता थांबतात. परवा माझी नातसूनही थांबली. "आजी, घेऊ का गरम गरम? चहाबरोबर होतील," म्हणाली. मी म्हटलं, "घे की, पोरांना घे." आणि पदर नाकाशी धरून बाजूला उभी राहिले. तिला वाटलं, म्हातारीला धूर सोसत नाही. मी तसंच वाटू दिलं. आता भर रस्त्यात, हातात पिशव्या धरून, तिला काय सांगायचं? तो वास आला की मला भूक लागत नाही. आई डोळ्यांपुढं येऊन बसते. इतकी वर्षं झाली, तरी येऊन बसते.

म्हणून घरी आल्यावर लिहायला बसले. मला शाळा मिळालेली नाही. अक्षरं मी देवळातल्या गाण्यांच्या पुस्तकावरून शिकले, एकेक ओळ बोटानं चाचपत. तेव्हा माझं शुद्धलेखन कुणी तपासू नये. बोलते तसं लिहिते.

आमचं गाव इंदापूरच्या वाटेवर, नीरेच्या पाटाच्या कडेला. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही वर्षं. पाटाच्या पाण्याबरोबर ऊस आला, उसाबरोबर गूळ आला आणि मागोमाग हिवतापही आला. माझं लहानपण दोन वासांचं आहे. एक गुऱ्हाळावरच्या काहिलीत उकळणाऱ्या रसाचा, गोड. दुसरा घायपात कुजवलेल्या डबक्याचा, नाक मुरडावं असा. गोड वास गावाकडून यायचा. दुसरा आमच्या घरचा. आम्ही दोरवाले. माझे तात्या घायपाताची पानं पाण्यात कुजवत, मग आपटून धुऊन त्यातला वाख काढत. तो पांढराशुभ्र वाख उन्हात वाळत पडला की एखाद्या म्हातारीनं केस मोकळे सोडावेत तसा दिसायचा. मी लाकडी फिरकी फिरवायची आणि तात्या उलट पावलांनी मागं मागं सरत दोर वळायचे. मोटेचे नाडे, बैलांचे कासरे, गाईंची दावी. अख्ख्या गावाची गुरं आमच्या दोरानं बांधलेली, आणि आम्ही गावाबाहेर.

गावाबाहेर दोन वाडे होते, वरला आणि खालला. वरल्या वाड्यातली माणसं पूर्वी गावाची राखण करायची, निरोप पोचवायची, मेलेली गुरं ओढायची आणि त्याच्या बदल्यात दारोदार भाकरी मागून आणायची. खालल्या वाड्यात आम्ही दोर वळणारे, तीनच घरं. गाव दोन्ही वाड्यांना सारखंच लांब ठेवायचं. आणि वरला वाडा आम्हाला लांब ठेवायचा. आमच्या हातचं पाणी त्यांना चालत नसे. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही. मी आता त्यात शिरत नाही.

दोन्ही वाडे ख्रिस्ती होते, हे मात्र सांगायला हवं. दोन्हीकडच्यांनी एकाच पाण्यानं बाप्तिस्मा घेतला होता.

दोन वाड्यांच्या मधल्या माळावर आमचं देऊळ होतं. देऊळच म्हणायचो आम्ही. कच्च्या विटांच्या भिंती, वर नळ्यांची कौलं, दारात लिंब. लिंबाला आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला. दौंडाहून बारामतीला येणाऱ्या बारक्या गाडीच्या रस्त्यावरून तो कुणीतरी आणला होता म्हणे. रविवारी सकाळी मास्तर एका जाड खिळ्यानं त्याच्यावर ठोके घालायचे, आणि तो आवाज पाटाच्या पाण्यावरून पार पलीकडच्या मळ्यांपर्यंत जायचा. मास्तर म्हणजे मिशनचे शिक्षक. आठवडाभर ते पोरांना शिकवायचे, मी मात्र घरी फिरकीवर असायची, आणि रविवारी ते उपासना चालवायचे. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, बारामतीला असत. तीन-चार महिन्यांनी ते सायकलीवरून यायचे, तेव्हा प्रभुभोजन व्हायचं, म्हणजे येशूच्या नावानं भाकरी मोडून सगळ्या मंडळीनं एकाच ताटातून खायची.

देवळाची झाडलोट माझ्या आईकडं होती. आईचं नाव सगुणा. शनिवारी ती चटया उन्हात टाकायची, कंदिलाच्या काचा राखेनं घासायची आणि मग पदर खोचून जमीन सारवायला बसायची. त्याचा तिला पगार नव्हता आणि तो मागावा असं तिच्या मनातही आलं नाही. सारवताना ती गुणगुणायची. गाण्यांच्या पुस्तकातलं नाही, तिचं तिचंच. जात्यावरच्या ओवीत तिनं आपला येशू बसवला होता.

दारी माझ्या सारवण, ओलं अजून सुकंना
माझा येशू येऊन गेला, पाऊल त्याचं मिटंना

ओल्या शेणाचा थंडावा, रॉकेलचा वास, उन्हात तापलेल्या चटयांचा वास, आणि आईचा तो बारीक आवाज. माझ्या लेखी देवळाचा अर्थ अजून एवढाच आहे. आता फरशा आल्या, पंखे आले. फरशीवर पाऊल उठतही नाही आणि मिटतही नाही.

मास्तरांची बायको म्हणजे रूथबाई. नगरकडची, शिकलेली, पांढऱ्या लुगड्यातली बाई. आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणायचो. आमच्या घरी येऊन आमच्या माठातलं पाणी पिणारं पहिलं बाहेरचं माणूस त्याच. पहिल्यांदा त्यांनी तांब्या तोंडाला लावला तेव्हा आई हातातलं काम टाकून बघत राहिली. बाई तोंड पुसून म्हणाल्या, "सगुणा, गार आहे गं पाणी. माठ कुठून घेतलास?" बस्स, एवढंच.

एकदा आई सारवत होती आणि बाई दारात उभ्या होत्या.

"सगुणा, मास्तरांचा उपदेश एखादे वेळी चुकतो. तुझं सारवण काही चुकत नाही."

"बाई, चेष्टा नगा करू. श्यान हाय त्ये."

"शेणच आहे. पण लोक गुडघे कशावर टेकतात? उपदेशावर टेकतात का?"

आई इतकी हसली की शेणाचा हात तोंडाला लागला. मग बाईही हसल्या. आतून मास्तर म्हणाले, "माझ्या उपदेशाचं काय चाललंय तिकडं?" त्यावर दोघी आणखीनच हसल्या. आईला असं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

प्रभुभोजनाची भाकरी बाई करायच्या. गव्हाची. आमच्याकडं सणालाही गहू नसायचा, सगळी ज्वारी नाहीतर बाजरी. बाई इंदापूरच्या बाजारातून थोडासा गहू आणायच्या, निवडायच्या, धुऊन वाळवायच्या आणि पाळकसाहेब यायच्या दिवशी उपाशीपोटी दळायच्या. मीठ न घातलेली पातळ भाकरी तव्यावर भाजून पितळेच्या ताटात ठेवायच्या आणि विणलेल्या काठाच्या पांढऱ्या फडक्यानं झाकायच्या. द्राक्षरसाच्या जागी मनुका उकळून गाळलेलं लाल पाणी शेजारी. एकदा त्यांनी दळताना आईला बोलावलं आणि म्हणाल्या, "खुंट्याला तुझाही हात लाव." दारं लोटून घेतली होती. वरल्या वाड्याला कळलं असतं तर अवघड होतं, हे दोघींनाही माहीत होतं.

घरी आल्यावर आईनं हात धुतले नाहीत. माझ्या नाकापाशी तळवा आणला. "हुंग. कसा वास येतुया बघ." पीठ अजून रेघांत अडकलेलं होतं. मग ती तात्यांना म्हणाली, "एकदा, एकदाच माझ्या हातची भाकर त्या ताटात पडावी आन् समद्या मंडळीनं खावी. दुसरं काय मागनं न्हाय माझं."

तात्या वाखाच्या ढिगातून मान वर न करता म्हणाले, "बारकं मागितलंस व्हय गं? त्यापरीस पाटलाचा मळा मागायचास, त्यो लवकर मिळाला असता."

एका अश्विनात बाईंना हिवताप धरला. कोयनेलच्या पुड्या झाल्या, कडू काढे झाले. ताप उतरायचा आणि दिवसाआड पुन्हा चढायचा, त्यांचे दात वाजायचे, बाज हलायची. आई त्यांच्या पायथ्याशी बसून असे. शेवटच्या दिवशी बाईंनी मास्तरांना जवळ बोलावलं. दारात दोन्ही वाड्यांची माणसं होती. वरल्या वाड्याचे संतूआबाही होते, डोक्यावरचा पटका हातात धरून. गावात पहिला बाप्तिस्मा घेतलेला माणूस. त्यांचा शब्द वरला वाडा मोडत नसे.

"नाताळाच्या आधी साहेब येतील," बाई म्हणाल्या. "भाकरी सगुणा करील. मी सांगितलंय म्हणावं."

मास्तरांनी मान हलवली. संतूआबा काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे त्यांना मान्य आहे, असं आम्ही समजलो.

बाईंना माळावर पुरलं. आईनं मातीचा ढीग सारवला, जमीन सारवावी तसा.

नाताळाच्या आधीचा तो रविवार. हुरड्याचे दिवस, हवेत धुकं, बाभळींना पिवळी फुलं. आई उपाशी होती, अंघोळ करून ओल्या केसांनी दळायला बसली. मी खुंट्याला हात लावायला गेले तर म्हणाली, "नगं, आज मी एकली." तिनं पुष्कळ भाकरी केल्या. समद्या मंडळीला पुरायला हवी, कुणी माघारी जाऊ नये, हे तिच्या डोक्यात. ताट झाकून ती माळावरून चालत गेली तेव्हा मला वाटलं, ही आज उंच दिसते.

पाळकसाहेब बारीक अंगाचे, सायकलीनं दमलेले, चांगले गृहस्थ होते. त्यांनी प्रार्थना केली, ते शब्द म्हटले, भाकरी मोडली आणि "या" म्हणाले.

कुणी उठलं नाही.

लिंबावर होला घुमत होता तेवढाच आवाज. साहेब पुन्हा म्हणाले, "या, प्रभूचं ताट आहे." वरल्या वाड्याच्या बायकांनी पदर पुढं ओढले. मग संतूआबा उठले, पण पुढं आले नाहीत. जागेवरच उभे राहून हात जोडले.

"साहेब, राग मानू नगा. आमी पिरभूच्या पायाशी आलो तवा गावानं आमचं पानी तोडलं. दारोदारची भाकर गेली. माझ्या पाठीवर वळ हायत अजून, दावू का? समदं सोसलं. पर खालच्या वाड्याच्या हातचं माझ्या आज्यानं खाल्लं न्हाय, बापानं खाल्लं न्हाय."

"संतूआबा, तुमच्या आज्यानं प्रभूचं नाव तरी घेतलं होतं का?"

"न्हाय. म्हून त्याला दोस न्हाय. मलाच तेवढं पेचात धरू नगा."

मागून एक बाई म्हणाली, फार हळू नाही, "सारवाया हाय की ती. तेवढं पुरं न्हाय व्हय?"

आई खाली बघत होती. तिनं आदल्या दिवशी सारवलेल्या जमिनीकडं. तात्या उठले, तिच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि दोघं पुढं गेली. खालल्या वाड्याची बाकीची दोन घरं त्यांच्या मागून. मग मास्तर. वरला वाडा एकेक करून बाहेर पडला. चपला पायात सरकवल्याचे आवाज, पोरांना दटावल्याचे आवाज, मग तेही नाहीत.

आमच्यात रिवाज असा होता की प्रभुभोजनाची उरलेली भाकरी घरी न्यायची नाही, ठेवायची नाही, गुराढोरांना घालायची नाही. तिथंच गुडघ्यावर बसून संपवायची. एरवी ते दोन-चार तुकडे असत, साहेब आणि मास्तर संपवीत. त्या दिवशी ताट भरलेलं होतं. आईनं सगळ्या मंडळीच्या अंदाजानं केलेलं. तर आम्ही तीन घरं, मास्तर आणि साहेब त्या ताटाभोवती गुडघ्यावर बसून खात राहिलो.  पोट भरलं तरी खायचं होतं. माझी दीक्षा झाली नव्हती, मला तो तुकडा मिळायचा नव्हता. पण साहेबांनी माझ्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, आणि माझ्याही हातावर ठेवला, मग आणखी एक ठेवला.

गव्हाची भाकरी पोटभर मी पहिल्यांदा खाल्ली ती त्या दिवशी. फार चांगली लागली. तेच मला अजून सोसत नाही.

पुढचं मी लहान असल्यानं अर्धंमुर्धं ऐकलं. साहेब दोन दिवस राहिले, वरल्या वाड्यात जाऊन बसले, समजावलं, चिडलेही म्हणे. मंडळी फुटायची वेळ आली होती. वरला वाडा गेला तर देवळात आम्ही तीन घरं उरणार, आणि तीन घरांसाठी मिशन मास्तर ठेवणार नाही. शेवटी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, कुणाच्या ते मला कधीच कळलं नाही. यापुढं भाकरी गावात करायचीच नाही. साहेबांनी बारामतीच्या बेकरीतून पाव आणायचा. संतूआबा म्हणाले, "बेकरीचा आसंल तर आमचं काय म्हननं न्हाय." सगळ्यांना हायसं वाटलं.

त्या संध्याकाळी तात्या वळता वळता मोठ्यानं म्हणाले, "बेकरीत पीठ कोन मळतंय ते इचारलं व्हय कुनी? भट्टीपाशी कोन बसतंय ते? गव्हाला जात न्हाय, भट्टीला न्हाय, सायकलीला न्हाय. आमच्या सगुणेच्या हाताला तेवढी हाय."

"गप बसा," आई म्हणाली. "मंडळी फुटली न्हाय, तेवढं बघा."

पुढच्या खेपेला साहेबांनी सायकलीच्या दांड्याला अडकवलेल्या पिशवीतून पाव आणला. फडकं सोडलं आणि तो वास सगळ्या देवळात पसरला. आंबूस, गोडसर, भट्टीचा. सगळी मंडळी उठून पुढं गेली. वरला वाडा आधी, मग आम्ही. आई सगळ्यात शेवटी. तिनंही घेतला, आमेन म्हणाली. आणि उपासना संपल्यावर पावाचा चुरा पडला होता तो हातानं गोळा करायला बसली.

त्यानंतर कायम पावच. पण आई बाजारातून थोडा थोडा गहू आणायची, निवडून, धुऊन, वाळवून एका बारक्या मडक्यात राख घालून ठेवायची. किडा लागायच्या आत तो आम्ही खायचो आणि ती नवा भरायची.

मी विचारलं, "आई, कशाला गं?"

"आसू दे. साहेबांची सायकल पंक्चर झाली तर?"

तात्या हसायचे. "पोरी, जा, वाटंवर बाभळीचा काटा टाकून ये." आईही ओठ दाबून हसायची. साहेबांची सायकल कधी पंक्चर झाली नाही.

वर्षं गेली. पलीकडं साखरेचा कारखाना उभा राहिला, त्याचं धुराडं आमच्या माळावरून दिसू लागलं. कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि त्यात रुळाच्या तुकड्याचे ठोके बुडून जायचे. वरल्या वाड्यातली तरणी माणसं तिकडं गेली, तिकडंच चाळींत राहू लागली. हंगामात रविवार आणि सोमवार सारखाच. देवळात चटया जास्त आणि माणसं कमी. आई मात्र सगळ्या चटया टाकायची. "दोन कमी टाक की," मी म्हणायची. "आन् आली तर? उभी करू व्हय?"

संतूआबा राहिले, सुनेपाशी. लेक कारखान्यावर. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि त्यांना दिसेनासं झालं. तरी रविवारी ते काठी टेकत निघायचे आणि बाभळीत शिरायचे. एकदा तोंड ओरबाडून रक्तबंबाळ होऊन आले. त्या आठवड्यात आई तात्यांच्या मागं लागली. तात्यांनी आधी शिव्या घातल्या, मग लांबच लांब दोर वळला आणि संतूआबांच्या दारापासून देवळाच्या दारापर्यंत बाभळीच्या बुंध्यांना बांधत नेला. दुसऱ्या रविवारी आबा त्या दोराला धरून सरळ आले. दारात आल्यावर म्हणाले, "बरा वळलाय. कुनाचा हाय?"

"आमचाच," तात्या म्हणाले. "दोर चालतोय न्हवं आबा?"

आबांनी दोर पुन्हा एकदा चाचपला. मग म्हणाले, "त्वांड लई चालतंय बघ तुझं." आणि आत जाऊन बसले.

ते गेले तो भादवा होता. आभाळ गळत होतं, वाटा चिखलानं भरलेल्या. संतूआबांना तापानं गाठलं होतं आणि त्यांच्या सुनेलाही. ती तिकडच्या कोपऱ्यात गोधडीखाली कुडकुडत पडलेली. आबा एकच म्हणत होते, साहेबांना बोलवा, मला प्रभुभोजन घेऊन जाऊ दे. पाळकसाहेब कारखान्यावरच्या मंडळीकडं आले होते. मास्तरांनी निरोप धाडला, आणि साहेब सायकल तिथंच ठेवून चिखल तुडवत दुपारपर्यंत पायी पोचले. पिशवीत मनुकांच्या पाण्याची बाटली होती. पाव नव्हता, तो तिकडच्या उपासनेत संपला होता. बारामतीला जाऊन यायला वेळ नव्हता, आबांचा श्वास खालीवर होत होता.

साहेब बाहेर येऊन वळचणीखाली थांबलेल्या आईला म्हणाले, "सगुणाबाई, घरात गहू आहे का?"

 आई पळतच सुटली. मी मागून.

तिनं मडकं उपडं केलं, राख पाखडली, मूठभर गहू जात्यात घातला. या वेळी तिनं मला खुंट्याला हात लावू दिला, वेळ नव्हता म्हणून. गाणं नाही, ओवी नाही. तळहाताएवढी एकच भाकरी भाजली, बाईंच्या त्या फडक्यात गुंडाळली, आणि आम्ही भिजत वरल्या वाड्यात गेलो. संतूआबांच्या उंबऱ्याच्या आत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. आईनंही.

साहेब त्यांच्या उशाशी बसले. आई ताट धरून उभी, मी फडकं धरून तिच्या शेजारी. साहेबांनी ते शब्द म्हटले, भाकरी मोडली, एक छोटा तुकडा लाल पाण्यात बुडवला. आबांच्या ओठांपाशी नेला. आबांनी तोंड उघडलं नाही.

"साहेब," ते म्हणाले, "पाव बारामतीचाच न्हवं?"

साहेबांचा हात तिथंच थांबला. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं. बाहेर वळचणीचं पाणी गळत होतं. साहेबांनी आईकडं बघितलं. मी तो चेहरा विसरलेले नाही. एवढा शिकलेला माणूस, पण एखादं पोर वाट चुकल्यावर बघतं तसा बघत होता.

आई म्हणाली, "व्हय आबा. बारामतीचाच हाय."

"कोन, सगुणा?"

"व्हय. ताट धराया आले."

"बरं केलंस," आबा म्हणाले. त्यांचा हात हवेत चाचपडला, आईच्या मनगटाला लागला, तिथंच राहिला. "तू झाडतीस म्हून देऊळ हाय, पोरी."

मग त्यांनी तोंड उघडलं. साहेबांनी तुकडा आत ठेवला. आबांनी खाल्ला आणि मोठ्यानं आमेन म्हणाले. दिवस मावळायच्या आत ते गेले.

उरलेली भाकरी साहेबांनी आणि मास्तरांनी संपवली. साहेबांनी एक तुकडा आईपुढं धरला. आईनं मान हलवली आणि बाहेर पावसात जाऊन उभी राहिली. तिनं मागितलेलं तिला मिळालं होतं, आणि मिळताना तिनं स्वतःच्याच तोंडानं ते आपलं नाही म्हणून सांगितलं होतं.

पुढच्या प्रभुभोजनाला बारामतीचा पाव आला. मंडळी पुढं गेली. आई दारापाशी बसून राहिली. त्याच्या पुढच्या खेपेलाही. उपासनेनंतर साहेब तिच्याजवळ आले, उकिडवे बसले.

"सगुणाबाई, ते खोटं तुमचं नव्हतं. माझं होतं. मी गप्प बसलो."

"तुमी गप्प बसलात साहेब," आई म्हणाली. "बोलले म्या. त्येच्या ताटापुढं बोलले."

"मरणाऱ्या माणसासाठी बोललात. प्रभू ते धरून बसणार नाही."

"त्यो न्हाय धरायचा. मला ठावं हाय."

"मग?"

"मग काय न्हाय. सारवाया येते की. कंदील पुसते. तेवढं आसू द्या माझ्याकडं."

साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. पुढं त्यांची बदली झाली, दुसरे साहेब आले, तिसरे आले. कुणाकुणाला ते समजावून सांगणार? आई जगली तोवर दर शनिवारी देऊळ सारवत राहिली. प्रभुभोजनाच्या रविवारी दारापाशी बसायची आणि पुढं जाणाऱ्यांच्या चपला नीट ओळीनं लावून ठेवायची. बाहेरचं माणूस आलं तर त्याला वाटे, हिची दीक्षा झालेली नसावी.

आता मी तिच्याहून म्हातारी झाले. आमच्या मंडळीत तुकडे येतात ते कागदासारखे पातळ, गोल, पुड्यात बंद. त्यांना वास नाही. कुणाच्या हातचे, ते विचारायची सोय नाही. पोरं चटचट पुढं जातात, घेतात, परत येतात. मीही घेते. जिभेवर तो विरघळून जातो, चावावा लागत नाही.

चावण्यावरून एक गोष्ट राहिली. त्या दिवशी फडकं धरून मी संतूआबांच्या तोंडाकडं बघत होते. आई खाली बघत होती, साहेबांनी डोळे मिटले होते, म्हणून ती माझ्याशिवाय कुणी पाहिली नाही. आबांनी तो तुकडा पहिल्यांदा जिभेवर धरला आणि थांबले. मग चावला. हळूहळू, बराच वेळ, उरल्यासुरल्या दातांनी. लाल पाण्यात भिजवलेल्या पावाला इतकं चावावं लागत नाही. आणि मग ते आमेन म्हणाले.

पुढं एकदा, माझं लग्न ठरलं होतं तेव्हा, देवळात आईबरोबर सारवता सारवता मी तिला हे सांगितलं. मला वाटलं, तिच्या मनावरचं उतरेल. म्हटलं, "आई, त्यांना कळलं हुतं गं. कळूनच खाल्लं त्यांनी."

आईचा हात थांबला. पोतेरं तसंच ओलं, हातातून शेणाचं पाणी गळत होतं.

"नगं गं असं बोलू," ती म्हणाली. "त्यांना ठावं हुतं, तर मग मी कशापायी खोटं बोलले?"

 ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली, खरंच उत्तर हवं असल्यासारखी. मग पोतेरं पाण्यात बुचकळलं आणि उरलेली जमीन सारवू लागली.